दहा लिटरचं आश्वासन

निरोप समारंभात माणसं जे बोलतात ते खरं धरायचं नसतं, एवढी साधी गोष्ट भाऊसाहेब कुलथ्यांना साठ वर्षं पूर्ण झाली तरी कळली नव्हती. आणि कळणार तरी कशी? बिचाऱ्यांची चौतीस वर्षं दुसऱ्यांनी दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यात गेली होती. मंत्रिमहोदय संसदेत उभे राहून "माहिती गोळा करून सभागृहापुढे ठेवली जाईल" असं म्हणाले, की देशाच्या दृष्टीने विषय तिथे संपायचा आणि भाऊसाहेबांच्या टेबलावर सुरू व्हायचा. सभागृहात 'करू' म्हटलं की ते आश्वासन, आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरं झालं पाहिजे, असा नियम आहे. एवढ्या मोठ्या सरकारात 'करू' या शब्दाला मनापासून घाबरणारा बहुधा एकच माणूस होता, आणि तो एकतीस ऑक्टोबरला रिटायर झाला.

समारंभ रीतसर झाला. समोसा झाला, शाल झाली, आणि उपसचिव मॅडम दोन मीटिंगांच्या मधली दहा मिनिटं काढून आल्या. सेक्शनने वर्गणी काढून भेट दिली ती म्हणजे एक काचेची पेटी. एक फूट लांब, आठ इंच रुंद, आठ इंच उंच. काठोकाठ न भरता पाणी मावणार दहा लिटर, म्हणजे आंघोळीच्या बादलीपेक्षाही कमी. आत निळ्या खड्यांची पिशवी आणि प्लास्टिकचं एक झाड. मासे नव्हते. "सर की पसंद का पता नहीं था," अनुराग श्रीवास्तव म्हणाला. हा अनुराग म्हणजे भाऊसाहेबांनी बोट धरून काम शिकवलेला त्यांचा सहायक, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याच खुर्चीत बसणारा. सहा वर्षं एका टेबलावर डबा खाऊन त्याला सरांची पसंत कळली नव्हती. असो, पदरी पडलं पवित्र झालं.

मग मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. "कुलथेजी, आप इसमें बढ़िया-सी मछलियाँ रखिए. हम सब आपके घर देखने आएँगे." टाळ्या पडल्या. मॅडम धरून सेक्शनमध्ये सहा माणसं. सहाही जणांनी माना डोलावल्या. भाऊसाहेबांनी 'हम सब' आणि 'आएँगे' हे दोन शब्द मनातल्या मनात अधोरेखित केले, आणि घरी आल्यावर बूटही न काढता एक नवी फाइल उघडली. विषय : लघु मत्स्यालयासाठी योग्य माशांची निवड व तदनंतर सेक्शनची गृहभेट. अंतिम मुदत : ३१ जानेवारी.

"अहो, असं म्हणायचं असतं," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "भिशीतल्या बायका मला बारा वर्षं म्हणतायत, एकदा येऊ हं तुमच्याकडे. मी कधी पोहे भिजवून बसले का?"

मुलगी देवयानी मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला. तिनेही फोनवर तेच सांगितलं. "बाबा, ती फॉर्मॅलिटी असते यार. तुम्ही बिल्कुल सीरियसली घेऊ नका."

पण त्यांनी घेतलं. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना दाराची बेल दिवसातून दहा वेळा वाजायची. कुणाची मेडिकल बिलं अडकलेली, कुणाला रजेचा अर्ज कसा लिहायचा ते विचारायचं. गाझियाबादच्या या सोसायटीत, चौथ्या मजल्यावरच्या स्वतःच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये, तीन आठवड्यांत बेल दोनदा वाजली होती आणि दोन्ही वेळा पाण्याचा फिल्टर बदलणारा होता. चौतीस वर्षांनंतर कुणी काहीही काम नसताना, नुसतं आपल्यासाठी, यमुना ओलांडून येतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. तिला ते पहिल्या दिवशीच समजलं होतं, हा भाग वेगळा.

मासे विकणारे पांडेजी पेटीचं माप ऐकून क्षणभरही थांबले नाहीत. "इसमें एक फाइटर रखिए. एक. और कुछ डालेंगे तो मरेगा."

झालं! ही गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. नऊ गोल्डफिश, बावीस गप्पी आणि एका सभ्य गृहस्थाची उरलीसुरली अब्रू, सगळं वाचलं असतं. पण ज्या माणसाने आयुष्यात टाचण्यासुद्धा तीन कोटेशनं घेतल्याशिवाय मागवल्या नाहीत, तो एका दुकानदाराच्या एका उत्तरावर विसंबेल कसा? एकच निविदा आली तर ती मंजूर करायची नसते, पुन्हा मागवायची असते. त्यातून हा गृहस्थ दुकानात हजार मासे असताना एकच घ्या म्हणतो, म्हणजे यात काहीतरी पाणी मुरतंय. आणि मुख्य म्हणजे सहा माणसं एवढ्या लांबून येणार, आणि बघणार काय, तर एक मासा? पाळीपाळीने?

म्हणून त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परिपत्रक टाकलं. पेटीचं माप, पाण्याचं प्रमाण, 'कृपया सात दिन में अपनी टिप्पणी भेजें'. चौदा टिप्पण्या आल्या. पाच गुड मॉर्निंग, चार हात जोडलेले, दोघांनी पार्किंगबद्दल तक्रार केली, एकाला प्लंबरचा नंबर हवा होता, एकाने 'बिल्कुल' एवढंच लिहिलं, आणि चौदावी टिप्पणी सोसायटीचे सचिव त्यागीजी स्वतः घेऊन वर आले.

त्यागीजींचा प्रॉपर्टीचा धंदा. त्यांच्या दिवाणखान्यात सहा फुटांचं मत्स्यालय आहे, त्यामुळे माशांविषयी आपल्याला कळतं अशी त्यांची समजूत. "आठ सुनहरी, एक काली. वास्तु है, कुलथेजी! घर पर जो भी बला आती है, काली वाली अपने ऊपर ले लेती है."

"पण पेटी लहान आहे," हे भाऊसाहेबांनी हिंदीत सांगून पाहिलं.

"दिल बड़ा रखिए," त्यागीजी म्हणाले.

तिसरं मत खालच्या मजल्यावरच्या कुसुमावतीबाईंचं. त्या मूळच्या मालवणच्या, मुलाच्या नोकरीपायी सत्तराव्या वर्षी गाझियाबादला येऊन पडलेल्या. त्यांनी पेटीला चारही बाजूंनी फेरी मारली. "ह्यात काय ठेवणार हो? मांदेली पण मावायची नाहीत. सुरमई ताजी कशी बघायची ते विचारा, सांगते. मासा जिवंत कसा ठेवायचा ते नका विचारू. आमच्याकडे घरात आलेला मासा कधी जगल्याचं मला आठवत नाही."

भाऊसाहेबांनी तुलनात्मक तक्ता केला. कुसुमावतीबाईंचं मत 'विषयाशी संबंधित नाही' म्हणून बाद. पांडेजी आणि त्यागीजी उरले. 'पाहुण्यांना दिसणाऱ्या माशांची संख्या' या रकान्यात पांडेजींना एक गुण आणि त्यागीजींना नऊ. प्रस्ताव मंजूर. पांडेजींनी नऊ गोल्डफिश पिशवीत बांधून देताना तोंडातून ब्र काढला नाही. फक्त डोळे मिटून एक श्वास घेतला.

नऊ मासे पेटीत सोडले तेव्हा दृश्य भरगच्च दिसत होतं यात वाद नाही. एकाने वळायचं तर बाकीच्या आठांनी आधी सरकून घ्यावं लागे. भाऊसाहेबांनी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर पाठवला. या ग्रुपमधून रिटायर माणसाला आठवड्याभरात काढून टाकतात, पण भाऊसाहेबांना काढलेलं नव्हतं, आणि याचा त्यांना मनातून फार अभिमान होता. फोटोखाली दोन अंगठे उमटले. अनुरागने 'नाइस सर' असं लिहिलं. भाऊसाहेबांनी ते तीनदा वाचलं आणि चंद्रप्रभाबाईंना एकदा वाचून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं. मासे वर येऊन तोंड उघडू लागले. "मीठ टाका थोडं," कुसुमावतीबाई जिन्यातून म्हणाल्या, "माशाला मीठ लागतंच." थोडं म्हणजे किती, हे मालवणात कुणी विचारत नसावं. भाऊसाहेबांनी मूठभर टाकलं. संध्याकाळपर्यंत पाच गेले. त्यागीजी येऊन प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "देखा? पाँच बलाएँ टल गईं!" पुढच्या दोन दिवसांत आणखी तीन संकटं टळली. उरला तो काळा. तो काचेला नाक लावून भाऊसाहेबांकडे एकटक बघत राहिला आणि रविवारी दुपारी तोही टळला.

चंद्रप्रभाबाईंना ते कचऱ्यात टाकवेनात. त्यांनी खाली बागेत कोपऱ्यात खड्डा करून नऊही जणांना नीट माती दिली. ती मांजरांनी उकरली, माळ्याने तक्रार केली, आणि दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांच्या हातात सोसायटीची नोटीस पडली : 'बिना पंजीकरण पालतू पशु रखना.' खाली सही सचिवांची, म्हणजे त्यागीजींची. ज्याने नऊ मासे आणायला लावले त्यानेच नोटीस काढली! भाऊसाहेब तणतणत खाली गेले. त्यागीजी खुर्चीत बसले होते आणि खुर्चीत बसलेला माणूस वेगळा असतो, हे भाऊसाहेबांना कुणी सांगायला नको होतं.

त्यांना एक फॉर्म देण्यात आला. फॉर्म पाहून खरं म्हणजे त्यांना बरं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदाच ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. पण फॉर्म कुत्र्यांसाठी छापलेला. नस्ल. रंग. लसीकरणाचा दाखला. लिफ्टमधून नेताना पट्टा बांधणार का. भाऊसाहेबांनी सुवाच्य अक्षरात तिथे 'लागू नहीं' लिहिलं आणि फॉर्म दिला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. 'लागू नहीं लिखने का प्रावधान नहीं है.'

चौतीस वर्षं ज्या माणसाने एक रकाना कोरा दिसला म्हणून अख्ख्या भारतातले कागद परत पाठवले होते, त्याचा कागद एका प्रॉपर्टी डीलरने परत पाठवला! भाऊसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. "आता कळलं का त्या लोकांना कसं वाटत असेल?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. बायकोने असं बोलू नये, पण बायका बोलतात.

लसीकरणाच्या दाखल्यासाठी गुरांच्या डॉक्टरकडे जावं लागलं, आणि डॉक्टर म्हणाले जनावर दाखवल्याशिवाय दाखला नाही. म्हणून मासे आधी आणावे लागले. या खेपेला भाऊसाहेबांनी आठ दिवस इंटरनेटवर अभ्यास केला होता. लहान, काटक, रंगीत, स्वस्त : गप्पी. पांडेजी म्हणाले, "फाइटर." भाऊसाहेब म्हणाले, "गप्पी. तीन." पांडेजी म्हणाले, "आपकी मर्ज़ी." पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन भाऊसाहेब दवाखान्यात दोन लॅब्राडॉर आणि एका चिडक्या मांजरीच्या मध्ये पाऊण तास बसले. डॉक्टरांनी पिशवी उजेडाकडे धरली आणि लिहून दिलं : 'स्वस्थ. काटती नहीं.' सोसायटीत नोंदणी झाली. नग तीन.

तीन आठवड्यांत नग बावीस झाले. तीन मंजूर पदांवर बावीस जणांची भरती! दुसऱ्याच्या खात्यात असं झालं असतं तर भाऊसाहेबांनी चौकशी लावली असती. ते डबीत मासे घेऊन दारोदार फिरले. सुगावा लागला की लोक आतून कडी लावून घेत. "तळायला बारीक पडतील," कुसुमावतीबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. तरी भाऊसाहेब खूश होते. बावीस मासे, सहा पाहुणे, म्हणजे माणशी साडेतीन पडत होते.

डिसेंबर संपता संपता थंडी उतरली. धुक्यात समोरची इमारत दिसेना आणि गप्पी तळाशी जाऊन गप्प बसले. "हीटर लगाइए," म्हणून त्यागीजींनी आपल्या सहा फुटी मत्स्यालयातला जुना हीटर मोठ्या मनाने दिला. सहा फुटांना पुरणारा हीटर एक फुटात काय करतो, हा हिशेब शाळकरी पोराच्याही लक्षात आला असता. पण त्या दिवशी नवरा-बायकोला सरोजिनी नगरच्या मार्केटमध्ये जायचं होतं. पाहुणे येणार म्हणून पडदे घ्यायचे होते. बटण दाबून दोघं निघाली. मेट्रो, रिक्षा, घासाघीस, जुन्या क्वार्टरच्या जागी उभे राहिलेले टॉवर बघून दोन उसासे, यात चार तास गेले.

परत आल्यावर जिन्यातच कुसुमावतीबाई भेटल्या. "काय गं चंद्रप्रभा, काय शिजवलंयस आज? केव्हाचा वास सुटलाय."

दार उघडलं तर काचेवर वाफ होती. कुसुमावतीबाई मागोमाग आत आल्या, त्यांनी पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच शिजलेला मासा समोर असून त्यांच्या तोंडातून शब्द फुटला नाही. चंद्रप्रभाबाई पडद्यांची पिशवी तशीच धरून मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

"बावीस जीव हो! कुणासाठी? त्या तुमच्या मॅडमसाठी? त्यांना तुमचं पहिलं नाव तरी ठाऊक आहे का?"

भाऊसाहेबांनी आधी हीटरचं बटण बंद केलं. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे, लाज वाटत असतानाही मुदतीला तीस दिवस उरलेत हा आकडा डोक्यातून जाईना.

पांडेजींनी या वेळी काही विचारलं नाही. 'मी सांगितलं होतं' असंही म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फळीवरून एक निळा फाइटर काढला, हातभर वायर असलेला बोटाएवढा हीटर दिला, झाकण दिलं, आणि कागदावर लिहून दिलं : दिवसाला चार दाणे, आठवड्याला थोडं पाणी बदला, नळाचं पाणी एक दिवस ठेवून. मासा जगला. एक आठवडा जगला, दोन आठवडे जगला. लांब झुपकेदार शेपटी हलवत दहा लिटरांत असा हिंडे की जणू फ्लॅटचा ताबा त्यालाच मिळालाय. चंद्रप्रभाबाई भाजी निवडायला त्याच्यासमोर बसू लागल्या. पहिल्या दिवशी मिळालेलं उत्तर दोन महिन्यांनी आणि एकतीस मृत्यूंनंतर मंजूर झालं होतं. सरकारी मानाने हे लवकरच म्हणायचं.

भाऊसाहेबांनी ग्रुपवर निमंत्रण टाकलं. शनिवार, ३१ जानेवारी, दुपारी साडेबारा, सहभोजन. सहा अंगठे उमटले. मॅडमचासुद्धा! भाऊसाहेबांनी तो अंगठा देवयानीला फोन करून सांगितला. "अच्छा बाबा," देवयानी म्हणाली, आणि थोडं थांबून, "चलो, मस्त झालं."

शनिवारी चंद्रप्रभाबाई पहाटेपासून स्वयंपाकघरात. मसालेभात, बटाटेवडे, श्रीखंड, आठ माणसांचं. नवे पडदे लागले. भाऊसाहेबांनी निरोपाची शाल अंगावर घेतली, काढली, पुन्हा घेतली. खालच्या वॉचमनला दोन गाड्यांची जागा धरायला सांगितली. पावणेएकला बेल वाजली.

दारात अनुराग होता. एकटा. हातात हेल्मेट.

"बाकी लोग पार्किंग में हैं?" भाऊसाहेबांनी त्याच्या खांद्यावरून लिफ्टकडे पाहत विचारलं.

"नहीं सर, सेशन चल रहा है ना. मॅडम ने कहा, किसी एक को भेज दो." तो सोफ्यावर बसला. नेमकी पेटीकडे पाठ आली. पाणी प्यायला, चहा नको म्हणाला, आणि मग म्हणाला, "सर, वो २०१९ वाला रजिस्टर मिल नहीं रहा." भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. कुठलं कपाट, कितवा कप्पा, कशाच्या खाली, रजिस्टरचा कोपरा कसा दुमडलेला आहे, हे त्यांनी दहा मिनिटं सांगितलं. अनुरागने लिहून घेतलं आणि उठला. त्याला नोएडात साखरपुड्याला जायचं होतं.

"मछली?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"अरे हाँ! सर, ज़रा उधर खड़े हो जाइए. थोड़ा स्माइल." भाऊसाहेब शाल सावरून पेटीशेजारी उभे राहिले. क्लिक. अनुरागने तिथल्या तिथे फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं : 'सेक्शन की ओर से कुलथे सर के घर भेंट. मछली देखी गई.' लगेच मॅडमचा अंगठा आला.

भाऊसाहेब त्या ओळीकडे बघत राहिले. 'देखी गई'. सगळे जाणार असं मंत्री म्हणाले असतील तर कुणीतरी एक पाठवायचा, एक फोटो घ्यायचा, वाक्यात कर्ता येऊ द्यायचा नाही, आणि पूर्तता दाखवून मोकळं व्हायचं. चारशे पुलांची पाहणी त्यांनी एका पुलाच्या फोटोवर पुरी केली होती. ही युक्ती अनुरागला शिकवली कुणी? भाऊसाहेबांनीच, याच माणसाला, शेजारी बसवून. काम तर पोराने चोख केलं होतं. मुदतीच्या आत केलं होतं. तक्रार करायला कुठे जागाच ठेवली नव्हती. भाऊसाहेबांना त्यात एकही चूक काढता येईना.

"खाना पैक कर दीजिए भाभीजी," अनुराग बूट घालता घालता म्हणाला. "मंडे को सब ऑफिस में खा लेंगे."

मसालेभात सोमवारपर्यंत टिकत नाही, हे चंद्रप्रभाबाई बोलल्या नाहीत. त्या प्लास्टिकचे फेकायचे डबे काढायला वळल्या, तर भाऊसाहेब मागोमाग आत आले आणि हळूच म्हणाले, "स्टीलचे दे. तुझं नाव कोरलेले."

"अहो, ते परत कोण आणून देणार?"

भाऊसाहेबांनी फळीकडे बोट दाखवलं. चंद्रप्रभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डबे परत करायला तरी कुणाला तरी यावं लागेल, एवढाच नवऱ्याचा हिशेब होता. रागाने ओठांवर आलेलं काहीतरी चंद्रप्रभाबाईंनी गिळलं, फळीवरून लग्नातले तीन डबे उतरवले आणि काठोकाठ भरले.

अनुराग खाली पोचला असेल-नसेल, तोवर भाऊसाहेबांना ग्रुपवरचे नवे निरोप दिसायचे बंद झाले. त्यांना काढून टाकलं होतं. मग अनुरागचा वेगळा निरोप आला, अगदी नम्र : 'सर, ग्रुप में सिर्फ़ सर्विंग स्टाफ़ रहता है. आपका एक मामला पेंडिंग था, इसलिए रखा था. आज निपट गया. प्रणाम.'

तीन महिने ज्याचा अभिमान बाळगला त्याचं कारण हे होतं! भाऊसाहेबांनी फोन पालथा ठेवला. मग दोघं जेवायला बसली. आठ पानं मांडलेली होती, त्यातली सहा चंद्रप्रभाबाईंनी उचलली. डोळे पुसायला भाऊसाहेबांनी निरोपाचीच शाल वापरली. चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, "श्रीखंड घ्या अजून." त्यांनी घेतलं.

रविवार गेला. सोमवारी भाऊसाहेबांनी दाढी केली, स्वच्छ सदरा घातला. कुणी डबे घेऊन आलंच तर आपण गबाळे दिसायला नको. चहाला आलं किसून ठेवायला सांगितलं. तीन वाजता बेल वाजली तेव्हा ते खुर्चीतून इतक्या झटकन उठले की गुडघा टेबलावर आपटला.

दारात पिवळं जॅकेट घातलेला एक पोक्त माणूस होता. पाठीवर भलीमोठी पिशवी, हातात मोबाइल.

"कुलथे? पार्सल है. ओटीपी बताइए."

फोनवर निरोप आलेला होता. अनुरागचा. नमस्कार नाही, काही नाही, नुसते चार आकडे. भाऊसाहेबांनी ते वाचून दाखवले. माणसाने पुठ्ठ्याचा खोका हातात दिला आणि तो लिफ्ट थांबलीय तोवर धावत गेला.

आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. चंद्रप्रभाबाईंनी खोका फोडला, ओट्यावर ठेवून तिन्ही डबे एकेक उघडले, आणि आत वाकून पाहिलं.

"घासलेत मात्र स्वच्छ," त्या म्हणाल्या.